बाळाचे वजन करा, मग सल्ला द्या

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या जागतिक स्तनपान सप्ताहात वर्तमानपत्रांतून आईच्या दुधाच्या महतीवर लेख येतात. त्या लेखांत जे असते ते जवळजवळ सगळे मी स्वतः सांगली जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर आरोग्य सेविका म्हणून ३१ वर्षे घरोघर जाऊन सांगितले आहे. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी घ्या, चीक पिळून टाकू नका, पहिले सहा महिने पाणीसुद्धा देऊ नका, मग वरचे अन्न सुरू करा आणि दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही अंगावर पाजा. यातला एकही शब्द मला आज मागे घ्यायचा नाही. मात्र अलीकडे मोबाइलवरच्या आयांच्या गटांतून याच गोष्टीचा जो प्रचार चालतो त्याला हट्टाचे रूप आले आहे, आणि त्या हट्टाची झळ माझ्याच घराला लागली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून माहेरी आली होती. सिझर करावे लागले. मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅमची. चौथ्या दिवशी घरी सोडले, तेव्हा हातात दिलेल्या कार्डावर जन्माच्या वजनाखेरीज दुसरे वजन लिहिलेले नव्हते. घरी आल्यावर बाळ फार शांत होते. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, किती गुणी आहे, रडतच नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवे होते. लेक दर दोन तासांनी बाळाला छातीशी घेत होती, पण पान्हा फुटलेला नव्हता, हे तिलाही कळत होते आणि मलाही. सिझरनंतर दूध उतरायला एक-दोन दिवस जास्त लागतात हे मी कितीतरी जणींना सांगितलेले असल्याने मी तिलाही तेच सांगितले. रात्री तिने मोबाइलवर ज्यांना विचारले त्यांनी मात्र निकालच दिला: एक थेंबही वरचे दूध देऊ नकोस, दिलेस तर बाळाच्या आतड्याचे कायमचे नुकसान होईल, दूध कमी असणे असे काही नसतेच, आईचा निश्चय कमी पडतो, आणि डॉक्टर वजनाची भीती घालतात कारण ते दूधपावडरच्या डबेवाल्या कंपन्यांचे मिंधे असतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाळाचा बाजारचा डायपर काढून माझ्या जुन्या सुती लुगड्याचे लंगोट बांधले, कारण डायपरमध्ये बाळ किती ओले करते ते नेमके समजत नाही. रात्रभर दर तासाला हात लावून पाहिले. लंगोट कोरडा होता. पहाटे त्यावर एक डाग पडला, तो विटकरी रंगाचा. उजाडल्यावर खिडकीशी नेऊन पाहिले तर पिवळेपणा पोटापर्यंत उतरला होता आणि तळपायाला टिचकी मारली तरी बाळ नुसते तोंड वाकडे करून पुन्हा झोपत होते. दवाखान्यात काट्यावर ठेवले तेव्हा वजन २ किलो ४८० ग्रॅम भरले. म्हणजे ४२० ग्रॅम, शेकडा साडेचौदा इतकी घट. पूर्ण दिवसांच्या बाळाचे वजन पहिल्या तीन-चार दिवसांत थोडे उतरते आणि दोन आठवड्यांत भरून येते, हे खरे आहे, पण घट शेकडा १० च्या पुढे गेली की थांबून चालत नाही. पोटात दूध न गेल्याने अंगातले पाणी कमी पडून रक्तातले सोडियम, म्हणजे मीठ, वाढलेले निघाले. ते एकदम खाली आणले तर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून थेंबाथेंबाने सलाइन देत तीन दिवस बाळाला दाखल ठेवावे लागले.

तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी पावडरचे दूध लिहून दिले, पण बाटली दिली नाही. बोंडल्याने पाजायचे, प्रत्येक वेळी आधी अंगावर घ्यायचे, मग वरचे द्यायचे, आणि नंतर आईने दूध काढायचे, दिवसातून आठ ते दहा वेळा. पोटात काही गेल्यावर बाळाच्या अंगात ओढण्याइतके बळ आले, बाळ ओढू लागल्यावर दूध वाढले, आणि तिसऱ्या आठवड्यात वरचे दूध पूर्ण थांबले. ज्या दुधाने बाळाचे कायमचे नुकसान होणार होते त्या दुधामुळेच ते पुन्हा अंगावर पिऊ लागले. लेकीने हे सगळे त्या गटात मोठ्या विश्वासाने लिहिले. उत्तर आले की तू लवकर हार मानलीस. त्या रात्री ती बाळाला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मी आत गेले तेव्हा तिने मला एकच विचारले, "आई, मी हिचं वाईट केलं का गं?" ओल्या बाळंतिणीने हा प्रश्न विचारावा, असे तिच्यावर काय ओझे टाकले होते?

दूध कमी असणे असे काही नसतेच, हे वाक्य धोक्याचे आहे. पुष्कळ जणींना दूध पुरेसे असते आणि तरी कमी पडते असे वाटते, कारण बाळ नीट धरत नाही, वेळेवर पाजले जात नाही, किंवा घरातले दूध पुरत नाही म्हणून घाई करतात, हे मी हजारदा पाहिले आहे. पण ज्यांना खरोखरच येत नाही किंवा उशिरा येते अशा बायकाही असतात. मधुमेह, थायरॉइडचे विकार, वारेचा तुकडा आत राहणे, स्तनावर झालेली शस्त्रक्रिया, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, ही कारणे वैद्यकाला चांगली माहीत आहेत. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका गावात घरी बाळंत झालेल्या बाईला खूप रक्त गेले होते आणि नंतर दुधाचा थेंब आला नाही. मी रोज तिच्या दारात जाऊन तिला सांगत होते की मनात आणलेस की येईल, अळिवाची खीर खा, शतावरी घे, बाळाला लावून ठेव. ती माझ्यापुढे मान खाली घालून बसे. पुढे तिची पाळीही आली नाही, अशक्तपणा वाढत गेला, तेव्हा मोठ्या दवाखान्यात निदान झाले की रक्तस्रावाने मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झाली होती आणि दूध येण्याचा आदेशच तिथून सुटत नव्हता. या विकाराला शीहान सिंड्रोम म्हणतात. ते बाळ जगले, कारण तिच्या जावेने स्वतःच्या पोराबरोबर त्यालाही पाजले. मी त्या बाईची माफी मागितली होती, पण आजही तिची ती खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा बोलणारी मी एकटी होते. आज तेच वाक्य एका बाळंतिणीला एका रात्रीत पन्नास जणी ऐकवतात, आणि त्यांतल्या एकीनेही तिचे बाळ पाहिलेले नसते.

आपल्याकडे याची लाज बाळगण्याची रीत नव्हती, असे मला वाटते. सईबाई आपल्या साताऱ्याच्या, फलटणच्या निंबाळकरांच्या घरातल्या. त्यांची प्रकृती ठीक नव्हती म्हणून संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊंनी पाजले, आणि मराठी माणूस आजही धाराऊंचे नाव आदराने घेतो व सईबाईंना त्यामुळे कोणी कमी लेखत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली, तीही याच समजुतीवर की एका आईचे दूध पुरत नसेल तर दुसरीचे पुरवता येते.

या प्रचाराचा उगम कुठे झाला हे लक्षात घेतले तर तो किती भरकटला आहे ते कळते. १९७० च्या दशकात दूधपावडरच्या कंपन्या गरीब देशांत नर्सच्या वेशातल्या बायका पाठवून फुकट डबे वाटत होत्या. फुकटचा डबा संपेपर्यंत आईचे दूध आटायचे, पुढचा डबा परवडायचा नाही, मग त्यात गढूळ पाणी जास्त घालून पोराला पाजले जायचे आणि जुलाबाने पोरे जायची. त्याविरुद्ध १९७७ साली अमेरिकेत बहिष्काराची चळवळ उभी राहिली आणि १९८१ साली जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीवर बंधने घालणारी आचारसंहिता मान्य केली. ठरावाच्या बाजूने ११८ देश होते आणि विरोधात एकटी अमेरिका. आपल्या संसदेने १९९२ साली त्याहून कडक कायदा केला आणि २००३ साली तो आणखी कडक केला: दोन वर्षांखालील बालकांच्या दुधाची, अन्नाची आणि बाटल्यांची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी नाहीत. नोकरीत नवी असताना मला या कायद्याचे प्रशिक्षण मिळाले होते. त्यात सगळा रोख कंपनी, दुकान आणि दवाखाना यांच्यावर होता. डबा विकत घेणाऱ्या आईला दोषी धरणारे कलम त्यात नाही.

डब्याच्या दुधाविषयी मी मवाळ झाले आहे असे कोणी समजू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले, तेव्हा मी पूरग्रस्तांच्या एका छावणीत कामाला होते. मदतीच्या गाड्यांतून बिस्किटे आणि चादरींबरोबर दूधपावडरचे डबे आणि बाटल्याही आल्या. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण तिथे पाणी उकळायला गॅस नव्हता, बाटली धुवायला स्वच्छ पाणी नव्हते आणि जुलाबाची साथ दाराशी उभी होती. आम्ही डबे बाजूला कुलपात ठेवले, पाजणाऱ्या आयांना एका कोपऱ्यात साड्यांचा आडोसा करून दिला, त्यांना आधी जेवायला वाढले, आणि ज्या दोन बाळांना अंगावरचे मिळणे शक्यच नव्हते त्यांच्यासाठी स्टोव्हवर पाणी उकळून वाटी-चमच्याने दूध दिले. छावणीतही बाळ कोणते, पाणी कसले आणि आईची अवस्था काय, हे पाहूनच ठरवले होते. मोबाइलवरचा सल्ला यातले काहीच पाहत नाही.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत आणि तेही तितकेच आग्रही आहेत. अंगावर पाजणे म्हणजे बाईला खुंट्याला बांधणे, शिकलेल्या बाईने त्यात अडकू नये, वर्षाच्या पुढे पाजणारी आई पोराला बावळट करते, असे ते लिहितात. वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला बसस्थानकावर पाजणाऱ्या बाईकडे लोक कसे पाहतात ते तिलाच विचारावे. जिल्ह्यातल्या एका बसस्थानकावर हिरकणी कक्षाला मी कुलूप पाहिले आहे. कडा उतरून बाळाकडे धावलेल्या गवळणीचे नाव त्या दारावर होते आणि किल्ली कोणाकडे आहे ते तिथे कोणालाच सांगता आले नाही. शिवाय या मोकळेपणाच्या गप्पांत कोण आई आहे आणि कोण विक्रेता, हे आता ओळखता येत नाही. कंपन्या मोबाइलवरून आयांपर्यंत कशा छुप्या रीतीने पोहोचतात यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एक अहवालच काढला आहे. आमच्या वेळी कंपनीचा माणूस निदान बॅग घेऊन दारात यायचा.

स्तनपानाच्या बाजूने बोलताना पुराव्याच्या पुढे जाण्याची काहीच गरज नाही. पुरावा पुरेसा भक्कम आहे. जगभर स्तनपान सर्वत्र होऊ लागले तर वर्षाला सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील, असा अंदाज द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये मांडला होता. बेलारूसमध्ये १९९० च्या दशकात ३१ ठिकाणी सतरा हजारांहून अधिक आया आणि बाळे घेऊन मोठा अभ्यास झाला. निम्म्या ठिकाणी स्तनपानाला विशेष मदत केली आणि निम्म्या ठिकाणी नेहमीचीच व्यवस्था ठेवली. मदत मिळालेल्या ठिकाणी बाळांचे पोटाचे आजार आणि अंगावरचा एक्झिमा कमी झाला, पुढे बुद्धीच्या चाचण्यांतही थोडा फरक दिसला. पण दमा किंवा लठ्ठपणा कमी झाल्याचे दिसले नाही. हे जसेच्या तसे सांगावे. अंगावर पाजले की मूल कधी आजारी पडत नाही आणि डबा दिला की जन्माचे रोगी होते, असे सांगितले की पहिल्या सर्दीलाच आईचा विश्वास उडतो, किंवा स्वतःवरचा तरी उडतो. माझ्या मते या अभ्यासातली आपल्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. तिथे फरक पडला तो आयांना प्रत्यक्ष मदत मिळाल्याने.

आणि मदतीची गरज कुठे आहे ते या वादात कोणाला दिसत नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या शिवारांत बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जातात. अशी एक बाई पहाटे चारला खोपीतून निघताना दोन महिन्यांचे पोर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली करते, आणि ते रडले की बहीण त्याला साखरेच्या पाण्यात बुडवलेला फडक्याचा बोळा चोखायला देते. छातीत दूध दाटून गाठी झालेल्या, पदर भिजलेला आणि तरी मोळी डोक्यावर घेऊन गाडीची शिडी चढणारी ती बाई मी पाहिली आहे. २०१७ पासून कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची पगारी रजा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिला निश्चयाचे धडे द्यायला कोणी जात नाही हे एका परीने बरेच आहे. पण फडाजवळ पाळणाघर असावे आणि पाजायला मिळणाऱ्या वेळेचे पैसे कापले जाऊ नयेत, यासाठी मोबाइलच्या गटांतल्या हजारो जणींनी आपल्या जोरापैकी थोडा जोर कारखान्यांवर आणि मुकादमांवर लावला असता, तर अधिक बाळांच्या पोटात आईचे दूध गेले असते.

सहा महिन्यांनंतरच्या अन्नाबद्दल तर सगळे गप्पच असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत, सहा महिन्यांखालील शंभरातली जवळजवळ ६४ बाळे निव्वळ अंगावर पिणारी आढळली, पण सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा आहार मिळणारी मुले शंभरात अवघी ११ होती. वरणावरचे पातळ पाणी पाजून मूल जेवले असे मानणारी घरे सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आजही पुष्कळ आहेत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले, ते १९९९ साली जगापुढे आले. त्या बायका घरी जात, बाळाला झोळीत घालून काट्याला टांगत, पाजताना शेजारी बसून पाहत आणि लिहून ठेवत. त्याच धर्तीवर आज आपल्या आशाताई दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. सिझर झाले असेल तर घरी आल्यापासूनच्या भेटी त्या करतात. त्यांच्या पिशवीत काटा असतो. माझ्या लेकीकडे मात्र कोणी आले नाही, कारण तिची नोंद सासरी पुण्याला होती आणि आमच्या गावच्या यादीत तिचे नाव नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे, तेव्हा अशा किती लेकींची नावे दोन्ही याद्यांतून निसटत असतील? सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना माझी विनंती आहे की माहेरी आलेल्या बाळंतिणीची नोंद त्या गावच्या आशाताईच्या यादीत आपोआप व्हावी, आणि घरी सोडताना प्रत्येक दवाखान्याने कार्डावर त्या दिवसाचे वजन लिहावे.

हे गट चालवणाऱ्या भगिनींनाही माझे सांगणे आहे. तुमच्यातल्या बहुतेक जणी रात्री जागून परक्या आयांना धीर देता, हे मी जाणते आणि मानते. पण महिन्याच्या आतल्या बाळाबद्दल कोणी विचारले, तर पहिले उत्तर एवढेच असू द्या: आज बाळाने किती वेळा लघवी केली, शेवटचे वजन कधी केले आणि ते किती होते? पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी, विटकरी डाग, पोटाच्या खाली उतरलेला पिवळेपणा, पाजायला उठवूनही न उठणे, यांपैकी काही असेल तर दवाखान्यात जा असे सांगा आणि त्यावर दुसरा सल्ला देऊ नका.

आपणही ऑगस्टमधल्या लेखांच्या शेजारी वरील चार लक्षणांची चौकट छापावी, अक्षर मोठे ठेवावे, म्हणजे चष्मा न लावता आजीलाही ती वाचता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. तासगाव, जि. सांगली